तीन ठिपके, एक रेघ

७८६
मिरज, ता. १२ जुलै २०२५

चि. मेहरुनबीस थोरल्या भावाचा सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फोडलं असशील. म्हणून आधी हे वाच, की घरात सगळे हातीपायी धड आहेत, कुणी गेलेलं नाही. पण मंगळवारपासून आमच्याकडं एकही मोबाईल नाही. माझा, शोएबचा, शिवाय कारखान्यातला कॉम्प्युटर, सगळं चौकशीला नेलंय. तूही कुणाच्या फोनवरून इकडं काही विचारू नकोस. पत्रंच लिहू. घरात बोलतो ती बोली आपल्याला कधी कागदावर उतरवता आली नाही, शाळा मराठी, तेव्हा पत्रही मराठीतच.

काय झालं ते सांगतो. मंगळवारी दुपारी एमआयडीसीत शोएबच्या लेथवर तिघे जण आले. दोघे दिल्लीचे, एक गोरा. गोऱ्यानं बॅगेतून फोटो काढला. गेल्या महिन्यात ज्या देशावर बॉम्ब पडले, तिथल्या एका कोसळलेल्या इमारतीचा. राडारोड्यात एक मोडका पंप, आणि त्या पंपात अर्धी तुटलेली पोलादी कडी. कडीच्या आतल्या अंगाला तीन ठिपके आणि एक रेघ.

तुला वेगळं सांगायला नको. आजोबा तंबोऱ्याच्या भोपळ्यात, वरची तबली चिकटवायच्या आधी, जी खूण कोरायचे तीच ही. बाहेरून कुणाला दिसत नाही, तंबोरा फुटला तरच दिसते. अब्बांनी कोरली, मी चाळीस वर्षं कोरली. शोएबनं भोपळे सोडून लेथ घेतला तेव्हा मीच हट्ट धरला की कडी असली तरी आपल्या हातची आहे, खूण पाहिजे. आजही प्रत्येक कडी मी दोऱ्याला टांगून टिचकी मारतो. नाद स्वच्छ आला तर खूण, नाही आला तर भंगारात. शोएब हसायचा, पण मशीनला न दिसलेली चीर माझ्या कानानं दोनदा पकडली आहे.

असल्या कड्या पंपात हवा शिरू देत नाहीत. गेल्या वर्षी त्यानं दोन पेट्या केल्या. ज्या बड्या देशानं हे बॉम्ब टाकले आणि ज्याचा हा गोरा, त्याच्या प्रयोगशाळेला एक पेटी गेली, तिथून आभाराचं पत्र आलं आणि आपण ते काचेत घालून भिंतीला लावलं, तू पेढे खाल्लेस. दुसरी पेटी दुबईच्या एका व्यापाऱ्यानं दूध पावडरच्या कारखान्याला म्हणून नेली. ती पावडर कुठं शिजत होती ते आता फोटोत दिसतंय, साहेब म्हणतात त्या इमारतीत अणुबॉम्बची तयारी चालली होती. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, आणि बड्या देशाचंही नाही. तूही लिहू नकोस.

शोएबला सोमवारी मुंबईला बोलावलंय. खूण तुमची का, असं मला विचारलं तेव्हा मी म्हणालो की चष्मा घरी राहिलाय, फोटो नीट दिसत नाही. चष्मा माझ्या कपाळावरच होता. दिल्लीवाल्या साहेबानं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि फोटो परत गोऱ्याच्या हातात दिला. मला रात्रंदिवस त्याचीच लाज वाटते.

गुडघ्याला तेल चोळत जा. दुवा कर आणि माया आहे तशी ठेव.

तुझा भाई
महंमद


७८६
वडूज, ता. १६ जुलै

ती. भाईजान यांचे सेवेशी धाकट्या मेहरुनचा सलाम. वि. वि.

आदी पाकीट फोडून वाचणाऱ्या साहेबास्नी सलाम. साहेब, वाचा, काय हरकत न्हाई, पण परत नीट चिकटवा. मागच्या पाकिटाला दोन थर डिंक व्हता आन् माझा भाऊ एवढा उधळा न्हाई.

आता तुमी. आवं, कपाळावर चष्मा घेऊन चष्मा घरी राहिला म्हणता? खोटं बोलायचं तर धड तरी बोलायचं! जलमात कवा बोलला न्हाईसा, मग आयत्या वेळी कसं जमंल.

पत्र वाचल्यापास्नं माझं कामात ध्यान न्हाई. काल बाजारात एका नव्या सुनंच्या हातात बांगड्या भरताना सहा फोडल्या. शोएबची आई गेली तवा ते दीड वर्साचं व्हतं. पाच वर्सं माझ्या पदराला धरून हितंच बांगड्यांच्या गाड्याखाली बसून वाढलंय. पोटातनं न्हाई काढला एवढंच. त्याला काय झालं तर मी तुमाला माफ करणार न्हाई, सांगून ठेवते.

आमच्या धंद्यात एक कायदा हाय. बांगडी भरताना फुटली तर ती भरणारणीची. घरला गेल्यावर फुटली तर ती बाईची. तुमची कडी तुमच्या हातात फुटली का? त्यांनीच वरनं बाँब टाकून फोडली, आन् आता त्येच तुकडा घेऊन तुमच्या दारात, की ही कुणाची म्हणून! असला न्याय मी बाजारात केला तर बाया माझा गाडा पालथा करतील.

शेजारच्या नाथाजी सुभेदारास्नी म्या सगळं सांगितलं. रागावू नका, फौजेत इंजिनेर पलटणीत तीस वर्सं काढल्यात, त्यास्नी यातलं कळतं. अठ्ठ्याण्णव साली वाळवंटात आपला बाँब फोडला तवा ते तिथं खड्ड्यावर व्हते, सगळ्या वडूजला ठाऊक हाय. ते म्हणाले, नाव लिहायचं नसंल तर त्या बड्या देशाला पाटील म्हणा. इलेक्शन लागली की आमच्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा आन् पाटलाची खुंटीला, तसलंच हे. पाटलाकडं हजारांनी बाँब. पाटलाच्या मांडीवर बसणाऱ्या लाडक्याकडं हायत, ते कुणी मोजत न्हाई. आपण फोडला तवा ह्याच पाटलानं आपलं हुक्कापाणी बंद केलं व्हतं, आन् धा वर्सांनी गरज पडली तवा सवताच करार घेऊन आला. सुभेदार लय तावातावानं बोलले. मला पटलं.

मग म्या इचारलं की त्या बाँब पडलेल्या देशानं पण खुंटीला एक लावली तर काय बिघडलं? तर म्हणाले, न्हाई, ते येगळं. त्यांच्या हातात नको. कसं येगळं म्हटलं, तर चहा सांडंस्तवर दाढी खाजवत बसले.

भाईजान, माझं ऐका. सरळ सांगा की खूण आपली न्हाई, कुणी नक्कल केली. एका खोट्यानं आभाळ कोसळत न्हाई. तीन ठिपक्यांपायी पोरगं घालवू नका.

जेवत जावा. ह्या वेड्या बहिणीवरची माया पातळ करू नका.

तुमची
मेहरुन


७८६
मिरज, ता. २४ जुलै

चि. मेहरुनबीस सलाम व आशीर्वाद. वि. वि.

शोएब परत आला. तीन दिवस बसवून ठेवलं, मारहाण नाही, चहा-नाश्ता वेळेवर, पण एकच प्रश्न सत्तर वेळा. दुबईच्या व्यापाऱ्याला तू किती ओळखतोस? जेवढं गिऱ्हाइकाला ओळखतात तेवढं, हे त्याचं उत्तर कुणाला पुरत नाही. पासपोर्ट ठेवून घेतला. लेथला दोरा बांधून लाखेचं सील मारलंय. पाटलाच्या (सुभेदारांचा शब्द मी घेतला) यादीत कारखान्याचं नाव चढलं, आणि ती यादी अशी आहे की नाव चढलं की बँकही पाठ फिरवते, पोलाद देणाराही.

तुला आठवतं, मागच्या वर्षी इथल्या कारखानदारांच्या मंडळानं शोएबला शाल-श्रीफळ दिलं होतं? मिरजेच्या मुलाची कडी सातासमुद्रापार गेली म्हणून त्याचा फोटो मंडळाच्या हॉलमध्ये लागला. परवा मी तिथनं गेलो तर भिंतीवर फोटोच्या जागी पांढरा चौकोन. अध्यक्षांना विचारलं. ते डोळे चुकवून म्हणाले, चाचा, ती गोष्ट वेगळी होती, ही वेगळी. मी त्यांना म्हणालो की कडी तर एकच आहे. तर त्यांनी पंखा वाढवला. चौकातल्या दोन पोरांनी शोएबला गद्दार म्हटलं. ज्यांना मी मांडीवर घेऊन सतारीची तार दाखवली तीच ही पोरं. आमच्या नावामुळं म्हटलं की कडीमुळं, हे मी त्यांना विचारलं नाही. उत्तर ऐकवलं नसतं.

आता मुद्द्याचं. दिल्लीवाला साहेब परवा मुंबईहून एक कागद घेऊन घरी आला होता. त्यावर लिहिलंय की ही खूण आमची नाही, कुणीतरी आमच्या खुणेची नक्कल केली आहे. मी सही केली की प्रकरण मिटतं, यादीतनं नाव निघतं, लेथ मोकळा. सही माझीच पाहिजे, कारण खुणेचा मालक मी. चार ऑगस्टला सांगलीला विश्रामगृहावर बोलावलंय. साहेब वाईट माणूस नाही. जाताना हळूच म्हणाला, बाबा, सगळ्यांच्याच सोयीचं आहे हे, पाटलालाही नको आहे की तिकडची कडी आणि त्याची कडी एकाच हातची निघावी.

शोएब म्हणतो सही करा. मी होय म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. चार दिवस बापलेक एका ताटावर बसतो आणि एकमेकांशी बोलत नाही. मेहरुन, आजोबांच्या वेळी एका बड्या गवयाच्या घरचा तंबोरा फुटून आला होता. गवई म्हणाला माल खोटा. आजोबांनी भोपळ्यातली खूण बघितली आणि म्हणाले माझाच आहे. फुकट नवा करून दिला, चार महिने घरात भाकरीबरोबर कोरड्यास नव्हतं. हे ऐकत मी मोठा झालो. आता मी कसं म्हणू की माझी नाही?

पण तुझं वाक्यही डोक्यातून जात नाही. पोरगं घालवू नका.

माझ्यासाठी दुवा माग, आणि रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा
महंमद


मिरज, ता. २७ जुलै

ती. फुफीजान यांस शोएबचा सलाम. वि. वि.

हे पत्र अब्बांना न सांगता लिहितोय. तुम्ही त्यांना सही करायला सांगा. तुमचं ते ऐकतील, माझं ऐकत नाहीत.

फुफी, ड्रॉइंगवर स्वच्छ लिहिलं होतं की कडीवर कसलीही खूण, अक्षर, ओरखडा चालणार नाही. मी अब्बांना दाखवलं होतं. ते म्हणाले, बिनखुणेचा माल म्हणजे बेवारस पोर. आतल्या अंगाला कोर, कोण बघतंय. मी कोरली. त्यांचा मान ठेवायला कोरली, आणि आता त्यांचा मान राखायला मी तुरुंगात जाऊ का? मी एकोणतीस वर्षांचा आहे. मला लेथ चालवायचाय. दुसरं काही मागत नाही.

अजून एक सांगतो, हे माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरतंय. मुंबईत मी दोन्ही ऑर्डरी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. दशांश चिन्हापुढच्या चौथ्या आकड्यापर्यंत एकच कडी. साहेबांना म्हणालो, दुबईवाला खोटं बोलला, कबूल. पण ही पहिली पेटी तरी कुठं गेली ते बघा. त्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर फोटोसकट लिहिलंय की आम्ही आमच्या देशाच्या बॉम्बांची देखभाल करतो. लपवलेलं काहीच नाही, उलट अभिमानानं लिहिलंय. म्हणजे माझ्या दोन्ही पेट्या एकाच कामाला लागल्या. एकीला आभाराचं पत्र आलं, दुसरीला बॉम्ब. साहेबांनी पहिली ऑर्डर उलटी करून ठेवली आणि म्हणाले, तो विषय वेगळा आहे.

मला दूध पावडरचं खरंच वाटलं होतं, फुफी. पहिल्या पेटीचं तर मी विचारलंसुद्धा नव्हतं. एवढ्या मोठ्या देशाचं नाव बघून हुरळलो होतो.

अब्बा दिवसभर तंबोऱ्याच्या जुन्या खोलीत बसतात. जेवण निम्मं ठेवतात. मी बोललो तर भांडण होईल म्हणून बोलत नाही. तुम्हीच काहीतरी करा. मला पदराखाली घ्यायची सवय तुमचीच आहे.

तुमचा
शोएब


७८६
वडूज, ता. ३० जुलै

ती. भाईजान यांचे सेवेशी मेहरुनचा सलाम. वि. वि.

पोराचं पत्र आलंय. त्याला बोलू नका. लिहिलं म्हणून मला कळलं की तुमी जेवण निम्मं ठेवताय. माझी शपथ हाय, ताट चाटून पुसून ठेवायचं.

मी दोन दिस सुभेदारांशी भांडले. पोरानं लिहिलेलं त्यास्नी वाचून दाखवलं. म्हटलं, सुभेदार, तुमी येगळं येगळं म्हणता, तेच मुंबईचा साहेब म्हणतो, तेच मिरजंचा अध्यक्ष म्हणतो, तेच पाटील म्हणतो. समदे आपापल्या खुंटीची बंदूक चांगली म्हणतायसा. माझ्या शोएबला मग कुठल्या खुंटीला टांगू? मी लय बोलले. त्यांची बायको लीलाबाई मधी पडली तरी थांबले न्हाई.

भाईजान, त्यो म्हातारा रडला. म्या त्यास्नी कवा रडताना बघितलं नव्हतं. म्हणाले, मेहरुनबी, वाळवंटात आमी महिनं महिनं खणत हुतो. वरनं पाटलाचा उपग्रह बघतोय म्हणून पोतीसुदिक पयल्या जागी नेऊन ठेवायची. घरला कळवायचं न्हाई, आईच्या मयताला जाता आलं न्हाई. फुटला तवा आमी नाचलो. मला अजून त्याचा अभिमान हाय, खोटं कशाला बोलू. पण त्या कामावर कुणाचंच नाव नव्हतं, सगळं पुसून निघालो. पुढं जग इचाराया लागलं तवा ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. ह्या धंद्यात आपली खूण हाय म्हणणारा एक माणूस म्या बघितला न्हाई. तुझा भाऊ म्हणंल का, ते बघायचंय.

 म्या तुमाला लिहिलं व्हतं खोटं बोला म्हणून. आज लिहायला बसले तर त्येच लिहायचं व्हतं, आन् हात पुढं जाईना. शोएब माझा जीव हाय. तुमी सही केलीसा तर मी शुक्रान्याची नमाज पढंन आन् गप बसंन. न्हाई केलीसा तर मी सांगलीला येऊन त्या साहेबाच्या गाडीपुढं आडवी पडंन. पण तुमास्नी काय करा म्हणून सांगायचं, ते आता मला कळत न्हाई. असं माझं पयल्यांदाच झालंय.

सोबत शेंगदाण्याची चटणी पाठवते. पाकीट फोडणाऱ्या साहेबानं चिमूटभर घ्यावी, ज्यास्त न्हाई.

थोरल्याच्या सावलीत ठेवा.

तुमची
मेहरुन


७८६
मिरज, ता. ६ ऑगस्ट

चि. मेहरुनबीस सलाम व आशीर्वाद. वि. वि.

चटणी पोचली, बरणी शाबूत होती. परवा सांगलीला जाऊन आलो. काय झालं ते तुला माझ्याच तोंडून कळावं म्हणून लगेच लिहायला बसलोय.

निघताना मी भिंतीवरचं ते आभाराचं पत्र काचेसकट काढून पिशवीत घातलं. शोएबला वाटलं, चांगुलपणाचा दाखला म्हणून नेतोय. त्याला बरं वाटलं. बसमध्ये त्यानं मला खिडकीची जागा दिली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलला, ऊन लागेल म्हणाला.  वाटलं करून टाकावी सही.

खोलीत तेच तिघे आणि एक दुभाष्या. टेबलावर कागद, पेन, आणि या वेळी फोटो नव्हता. खरी कडी होती, तुटलेली, कुणीतरी तिथून आणलेली. दुसरी एक अख्खी कडी, पाटलाच्या पेटीतली, तुलनेसाठी, हिच्यावरची खूण ओळखूनच ते आमच्या दारात आले होते. साहेब म्हणाला, बाबा, नीट बघा आणि सही करा. आज चष्मा डोळ्यावर होता.

मी दोरा मागितला. कुणाला समजेना. शेवटी एका फायलीची नाडी काढून दिली. अख्खी कडी टांगली, टिचकी मारली. काय नाद आला मेहरुन, खोलीभर फिरला. मग तुटकी टांगली. ती वाजली नाही. तुटलेली कशी वाजेल? पण कडेला बोट फिरवलं तर खूण बोटाला लागली. तिसरा ठिपका जरा खाली गेलेला होता. त्या दिवशी शोएबला ताप होता, मला आठवलं.

मी म्हणालो, दोन्ही माझ्याच. कागदावर सही करणार नाही. दुसरा कागद द्या, त्यावर लिहून देतो की दोन्ही माझ्या. साहेबानं डोक्याला हात लावला. गोऱ्यानं दुभाष्याकडून विचारलं की असल्या कामात आपली वस्तू सापडली याची लाज वाटते का. मी सांगितलं की वाटते, फार वाटते, पण दोन्ही पेट्यांची वाटते. मग पिशवीतलं पत्र काढून तुटक्या कडीशेजारी ठेवलं आणि म्हणालो की एकीची लाज धरायची आणि दुसरीचं पत्र भिंतीला लावायचं, हे या घरात जमणार नाही. हे तुमचं तुम्ही परत घ्या. तुमच्याही कामाला माझी कडी लागली, हे मी त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं, विचारलं नाही. ती चूक माझी.

गोऱ्यानं पत्र वाचलं. बराच वेळ वाचलं, चारच ओळी आहेत. मग फ्रेम परत सरकवली आणि म्हणाला, तो विषय वेगळा आहे. मी फ्रेम मोकळी करून आणली, पत्र तिथंच ठेवलं.

शोएबला अटक झाली नाही. व्यापाऱ्याचा खोटेपणा त्याच्या कागदांवरून उघड झालाय, एवढं साहेबानं मान्य केलं. पण यादीतलं नाव तसंच, लेथचं सील तसंच, पासपोर्टही तिकडंच. परतीच्या बसमध्ये शोएब दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. कालपासून तो माधवनगरला एका पॉवरलूमवाल्याकडं मशीन दुरुस्तीला जायला लागलाय, सकाळी डबा घेऊन जातो, माझ्याकडं बघत नाही, बोलत नाही. मी बरोबर केलं असं मला वाटतं. पण बरोबर केल्यावर इतकं जड का वाटावं, ते अब्बांनी कधी सांगितलं नव्हतं.

सुभेदारांना माझा सलाम सांग. आणि तू मला शिव्या देणार असलीस तर सविस्तर दे, पत्र मात्र लवकर टाक.

तुझा भाई
महंमद


मिरज, ता. २८ नोव्हेंबर

ती. फुफीजान यांस शोएबचा सलाम. वि. वि.

मोबाईल परत मिळून महिना झाला, तरी हे पत्रातच लिहितोय. फोनवर मला धड सांगता येणार नाही.

तीन तारखेला पाटलाच्या देशातल्या एका कंपनीचा मेल आला. त्याच प्रयोगशाळेसाठी माल घेणारी कंपनी. त्यांच्या पंपांचं काम अडलंय, दुसरीकडच्या कड्या टिकत नाहीत, दोनशे कड्या पाहिजेत. ड्रॉइंग तेच. मागचा विषय वेगळा होता, असंही एक वाक्य होतं. आठ दिवसांत लेथचं सील निघालं, पासपोर्ट आला, यादीतनं नाव निघण्याची प्रक्रिया सुरू झाल्याचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये जे गुन्हा होतं ते नोव्हेंबरमध्ये निकडीचं झालं. अट एकच, आणि ती ठळक अक्षरात. कडीवर खूण नको.

अब्बांना वाचून दाखवलं. मला वाटलं भडकतील. ते म्हणाले, कर. बिनखुणेची कर. तुझं आयुष्य आहे, माझ्या तीन ठिपक्यांनी पुष्कळ नुकसान केलं. एवढं बोलून ते जुन्या खोलीत गेले आणि बसले तेही भिंतीकडं तोंड करून.

मी नमुन्याची एक कडी केली. चार महिन्यांनी लेथवर हात पडला, फुफी, पोलादाची पहिली सळसळीत चिंधी निघाली तेव्हा मला रडू आलं. कडी घेऊन अब्बांकडं गेलो. त्यांनी दोऱ्याला टांगली, टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली आणि कोरायची सुई ठेवलेली डबी उचलून फळीवर मागच्या बाजूला सरकवून ठेवली. ती डबी तिथं मागं सरकताना बघून माझ्या आत काय झालं ते मला लिहिता येत नाही. आपल्या हातची वस्तू जाणार, तिनं काय होणार ते आपल्याला माहीत असणार, आणि उद्या कुणी विचारलं तर म्हणायचं की आमची नाही. तुम्ही अब्बांना लिहिलेलं सुभेदार आबांचं बोलणं मला तेव्हा कळलं.

मी डबी काढली. खूण कोरली. आतल्या अंगाला नाही, बाहेरच्या. मोठी, चष्म्याशिवाय दिसेल एवढी. आणि सोबत लिहिलं की दोनशे कड्या देईन, प्रत्येकीवर अशीच खूण असेल, आणि त्या कोणत्या यंत्रात बसणार ते तुम्ही मला लिहून द्यायचं, जसं मी दुबईवाल्याकडून लिहून घ्यायला हवं होतं म्हणून मला मुंबईत तीन दिवस बसवून ठेवलं होतं. अब्बांना सांगितलं नाही.

काल पार्सल परत आलं. अब्बांच्याच हातात पडलं. आत कडी आणि छापील चिठ्ठी. मापं अचूक. खूण असल्यामुळं नापास. यादीतलं नाव काढायचं काम थांबवल्याचा मेलही पाठोपाठ आला. म्हणजे मी परत माधवनगरला जाणार, आणि पुढं काय ते मला माहीत नाही. रागवा, पण एवढ्यात नको.

अब्बांनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. कडी उलटसुलट करून बघितली, बाहेरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले की तिसरा ठिपका जरा खाली गेलाय, पुढच्या वेळी हात स्थिर ठेव. मग मोकळी फ्रेम फडक्यानं पुसली, ती चिठ्ठी काचेत घातली आणि जुन्याच खिळ्याला लावली. आज आम्ही बोलत जेवलो.

ती कडी नाथाजी आबांच्या विहिरीच्या पंपाला बसेल, तुम्ही फोनवर त्याची गळती सांगितली होती. चटणीच्या बरणीत घालून पाठवतोय. कुणी पाकीट फोडून बघितलं तर बघू दे, नाव-पत्ता बाहेरच कोरलाय. अब्बांचा तुम्हाला सलाम, आणि माझ्यासाठी पदर तेवढा तसाच पसरलेला राहू दे.

तुमचा
शोएब